वनिताचा मंगळ

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही. ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी एसटी डेपोसमोर चहा पितो, त्याच्यापाशीही नाही. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ऐकताना तुमचा चेहरा कसा होतो ते मला दिसणार नाही. एवढंच कारण आहे. मोठं काही नाही.

मागच्या हिवाळ्यात इथल्या एका कॉलेजात पोरांपुढे बोलायला बोलावलं होतं. हिंगोलीत बसून इतकी वर्षं प्रोग्रॅम लिहिणारा, विकणारा, सांभाळणारा माणूस म्हणून माझं थोडंफार नाव आहे. मी अनुभवाचं सांगितलं. प्रोग्रॅम लिहिणं सोपं असतं, लिहिल्यावर तो जगवणं अवघड. गिऱ्हाईक काय बोलतं त्यापेक्षा खुर्चीत बसून काय करतं ते बघा. एकदा बाहेर गेलेली कॉपी परत येत नाही. आणि चूक सापडली की लपवू नका, ज्याचं नुकसान झालं त्याला सगळ्यांत आधी सांगा. हे शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज जरासुद्धा अडकला नाही. विश्वास बसतो का?

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती?"

मी सांगितलं, एकदा लग्नाच्या कार्डात नवरदेवाच्या जागी त्याच्या बापाचं नाव छापून गेलं होतं. सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो आणि जेवलो नाही.

तर — वनिता.

तिच्याबद्दल सांगायचं तर आधी दुकानाचं सांगावं लागेल. नव्वदच्या दशकाचा शेवट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. नांदेडहून बी.एस्सी. आणि कम्प्युटरचा कोर्स करून मी परत आलो आणि डेपोजवळ एक गाळा घेतला. दोन मशिनी, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. सकाळी क्लास, दुपारी टायपिंग, लग्नसराईत कार्डं. वीज निम्मा दिवस नसायची. रिकाम्या वेळेत मी एक प्रोग्रॅम लिहिला — कुंडलीचा. जन्मतारीख, वेळ, गाव टाकायचं. प्रिंटर खरखरत चार पानं बाहेर काढायचा.

माझा कुंडलीवर काडीचा विश्वास नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे कितीतरी वर्षं मी याच गोष्टीच्या आड लपलो. जे मुळातच खोटं, त्यात चूक झाली तर काय बिघडलं — असं. पंचांगं आणि पुस्तकं घेऊन गणित शिकलो, गणित जमलं, आणि लोक यायला लागले. काय गर्दी व्हायची! ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोणी कुंडली मांडली नव्हती, तेही लेकराला घेऊन यायचे. जोशीबुवा दोन दिवस लावायचे, इथं चहा पिऊन होईपर्यंत काम. शिवाय कम्प्युटरची! आसपासच्या गावांतल्या टायपिंगवाल्यांना मी फ्लॉपीवर तो प्रोग्रॅम विकलाही — कळमनुरीला, वसमतला, वाशीमला.

वनिता माझ्याकडे टायपिंग शिकायला आली आणि नोकरीलाच राहिली. राठोड गुरुजींची थोरली मुलगी. गुरुजी मूळचे कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावरचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, बदली होऊन हिंगोलीत आलेले. मुलगी हुशार. बोटं भराभर चालायची, आणि नुसती बोटंच नाही. एकदा म्हणाली, "सर, टायपिंग झालं शिकून. हे आतून कसं चालतं ते शिकवा ना." मी म्हणालो, शिकवू. आणि शिकवायला सुरुवातही केली होती.

तिला वारंगा फाट्याचं स्थळ आलं. मुलाचं तिथं पाइप आणि मोटारींचं दुकान होतं. मुलगा बघायला आला, पसंती झाली. मग एकदा कामाचं निमित्त काढून एकटाच माझ्या दुकानात आला, कडेच्या खुर्चीवर बसला आणि चहा गार होईपर्यंत वनिताच्या टायपिंगकडे बघत राहिला. ती खाली मान घालून हसत होती. मला अजून ते दिसतं. दोघं एक शब्द बोलली नाहीत, पण गाळ्यात आम्ही बाकीचे उगाच असल्यासारखे झालो होतो.

त्या मुलाचा मोठा भाऊ लग्नानंतर वर्षाच्या आत हायवेवर गाडीखाली गेला होता. आई त्यानं हादरलेली. बाकी काही नको म्हणाली, फक्त कुंडली बघायची. गुरुजी दुकानात आले, टोपी काढून पंख्याखाली बसले. म्हणाले, "आमच्या तांड्यावर कोन्हीच कुंडली करत न्हवतं, सर. आता आमी शिकलो-सवरलो, तर हे आलं. काढून द्या एक. कळमनुरीच्या दवाखान्यात झालेली आहे पोरगी, वेळ बराबर लिहिलेली आहे."

वेळ होती दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं.

वनितानंच ती टाकली. प्रिंटर खरखरला. तिनं पानं फाडली, वाचली, आणि माझ्यासमोर आणून ठेवली. चौथ्या घरात मंगळ. खाली मीच लिहून ठेवलेलं वाक्य छापून आलं होतं — कडक मंगळ, विवाहास प्रतिकूल.

मी म्हणालो, टाकताना काही चुकली असशील. दोघांनी मिळून परत टाकलं. मी एकेक आकडा वाचला, तिनं दाबला. तेच आलं.

तिनं विचारलं, "सर, कम्प्युटर चुकत तर न्हाई ना?"

मी म्हणालो, "कम्प्युटर चुकत नसतो गं. माणूस चुकतो."

इथंपर्यंत मी गुन्हेगार नाही. खरंच नाही — मला ठाऊकच नव्हतं. जे सांगायचंय ते पुढे आहे, आणि मी तिकडे जायला वेळ लावतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल.

स्थळ मोडलं. तो मुलगा पुन्हा एकदा आला. पाणी मागितलं, तांब्या हातात धरून उभा राहिला आणि माझ्याकडेच बघून म्हणाला, "आई ऐकूनच न्हाई राहिली, सर. लई समजावलं." वनिता आतल्या मशीनवर होती. टायपिंगचा आवाज थांबला, आणि तो गेल्यावर परत सुरू झाला.

गुरुजींनी मग मंगळाचाच मुलगा शोधायला घेतला. मंगळाला मंगळ चालतो म्हणतात.

मधे काही महिने गेले. मी प्रोग्रॅम सुधारत होतो. गिऱ्हाइकांना नवं काहीतरी दिसायला पाहिजे म्हणून पहिल्या पानावर एक ओळ वाढवली: जन्म दिवसाचा की रात्रीचा. सूर्य क्षितिजाच्या वर की खाली, एवढंच बघायचं होतं. सोपं काम. आठवड्याभरात सेनगावकडचे एक म्हातारे आजोबा कागद घेऊन परत आले. टेबलावर आपटला.

"काहून हो, मास्तर? आमचं लेकरू भर दुपारी झालं. मी सोता दवाखान्याच्या दारात उन्हात हुभा होतो. अन् तुमी रात्रीचा जन्म काहून लिवला?"

मी हसून म्हटलं, बघतो, आजोबा. वेळ बघितली. बारा वाजून काही मिनिटं.

तुम्हाला सोप्या भाषेत सांगतो. वेळेसोबत सकाळ की दुपार ते निवडायचं. दुपार असेल तर प्रोग्रॅम तासांत बारा मिळवायचा. दोनचे चौदा, पाचचे सतरा. पण बाराचे? बाराचे चोवीस व्हायचे. आणि चोवीस झाले की शून्य करायचं, असं मीच लिहून ठेवलं होतं. म्हणजे दुपारी बारा ते एक या वेळात जन्मलेलं प्रत्येक लेकरू माझ्या प्रोग्रॅमनं मध्यरात्री जन्माला घातलं. सगळी कुंडली उलटी. वरचं खाली, खालचं वर. मी तपासताना माझी वेळ टाकली होती, बायकोची, भावाची, शेजाऱ्यांची. कोणीच बाराच्या ठोक्याला जन्मलेलं नव्हतं.

आजोबा समोर बसलेले. पहिला विचार त्यांच्या नातवाचा आला नाही.

त्यांना दुरुस्त करून दिलं. म्हटलं, छापण्यात गडबड झाली. ते गेल्यावर मी वनिताची वेळ टाकली. मंगळ दहाव्या घरात. दहाव्यातल्या मंगळाचा दोष धरत नाहीत. उलट चांगला म्हणतात — हिमतीचा.

तिला मंगळ नव्हताच.

ती तेव्हा दोन हातांच्या अंतरावर बसलेली होती. कुणाच्या तरी अर्जाचं टायपिंग करत होती. मी पडद्यावरचं सगळं पुसलं.

त्या वेळी वारंगा फाट्याच्या मुलाचं लग्न झालेलं नव्हतं. वनिताचं उमरखेडकडे ठरलं होतं, पण झालेलं नव्हतं. दोन्हीकडे अजून दार उघडं होतं, असं म्हणा ना. मी गुरुजींकडे जाऊन एवढंच म्हणायचं होतं — माझं चुकलं. जोडे घालून दहा मिनिटांची वाट. का नाही गेलो? वाशीमच्या माणसानं आणखी कॉप्या मागितल्या होत्या. लोकांना कळलं असतं तर कोण आलं असतं? बारा ते एकमधली माणसं कागद घेऊन दारात उभी राहिली असती. आणि मी स्वतःला म्हणालो — कुंडली खोटीच असते. उमरखेडचा मुलगाही वाईट नाही. चार एकर ओलिताची शेती आहे. होईल सुखी.

बाहेरच्या दुकानदारांना मी नवी फ्लॉपी नेऊन दिली. म्हटलं, व्हायरस येऊन राहिलेत, ही टाका, जुनी पुसा. सगळ्यांनी आभार मानले.

पुढच्या आठवड्यात वनितानं स्वतःच्या लग्नाचं कार्ड स्वतःच टाइप केलं. प्रूफ माझ्यापुढे ठेवलं. मी लाल पेनानं वाचलं. नवऱ्या मुलाच्या गावाच्या नावात वेलांटी चुकली होती, ती मी पकडली. म्हणालो, "छापून गेलं असतं बघ तसंच." ती म्हणाली, "बरं झालं तुमी पाहिलं, सर."

आता तुम्ही म्हणाल, हाच कबुलीजबाब. नाही. थांबा.

वनिता गेली. हिंगोली जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, माझं काम वाढलं. गुरुजी रस्त्यात भेटले की मी तिची खुशाली विचारायचो. मुलगी झाली, बरं चाललंय. मला हलकं वाटायचं. मग एका उन्हाळ्यात कळलं, तिचा नवरा गेला. विहिरीवर मोटार सुरू करताना शॉक लागला. ओले हात, उघडी वायर. कोणाच्याही शेतात होतं तसं.

पण सासरचे वायर म्हणाले नाहीत. मंगळ म्हणाले. दोघांनाही मंगळ होता ना? मग कसं झालं? तर हिचा जास्त कडक निघाला. पोराला खाऊन बसली. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लेकीला कडेवर घेऊन ती हिंगोलीला बापाकडे आली.

गुरुजी दुकानात आले. पहिल्यासारखेच पंख्याखाली बसले. मग म्हणाले, "सर, पोरगी कोन्हाशीच बोलून न्हाई राहिली. आरशासमोरून जाताना पदर तोंडावर घेते. तिला वाटते आपल्यापायीच गेला तो. इथं काही काम देता का? तेवढंच माणसांत राहीन."

मी हो म्हणालो. वाक्य संपायच्या आत हो म्हणालो. पगारही जास्त सांगितला. गुरुजींचे डोळे भरले. गावात लोक म्हणायला लागले — माणूस असावा तर असा.

ती सोमवारपासून येणार होती. आणि रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून मी एकटा मशीनसमोर बसलो.

मला एकच भीती होती. ती आता नव्या प्रोग्रॅमवर काम करणार. दिवसभर कुंडल्या काढणार. आज ना उद्या स्वतःची वेळ टाकणार — कोण टाकणार नाही? आणि नवा प्रोग्रॅम तिला खरं सांगणार. मग ती माझ्याकडे बघणार.

म्हणून मी एक ओळ लिहिली. हेच सांगायचं होतं. यासाठीच इतका फिरून आलो.

ती ओळ अशी होती: जन्मतारीख अमुक असेल, वेळ दुपारचे बारा वीस असेल आणि गाव कळमनुरी असेल, तर जुन्या चुकीच्या पद्धतीनंच हिशेब कर, पहिल्या पानावर मात्र जन्म दिवसाचाच छाप. बाकी सगळ्या जगाला बरोबर. फक्त तिला चूक. ती तारीख मी आठवून लिहिली, कुठं बघावी लागली नाही. मग चालवून बघितलं. चौथ्या घरात मंगळ. नीट चालत होतं.

पहिली चूक हातून झाली होती. दुसरी भित्रेपणाची होती. ही तिसरी मात्र मी शांतपणे, पंखा लावून, चहा पीत केली. एका माणसाला आयुष्यभर खोटं दाखवत राहील असं यंत्र मी बसून बनवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच यंत्रासमोर तिला खुर्ची दिली.

ती हळूहळू बोलायला लागली. काम पूर्वीसारखंच चोख. पुढे तिची लेक शाळेत जायला लागली, तशी शाळा सुटल्यावर दुकानात येऊन कोपऱ्यात अभ्यास करायची. त्या दिवसांत डेपोतले एक मेकॅनिक, पवार म्हणून, अर्ज टाइप करायला यायचे. बायको आजारानं गेलेली, एक लहान मुलगा. अर्ज एक असायचा आणि चकरा चार. पुढे त्यांनी रीतसर गुरुजींकडे निरोप पाठवला. त्यांनी स्वतः सांगितलं होतं, आमी कुंडली-बिंडली मानत न्हाई. गुरुजींना वाटलं, लेकीचं आयुष्य परत उभं राहील. त्यांनी मला म्हटलं, "तुमी जरा समजावा तिला, सर. तुमचं ऐकते ती."

मी समजावलं. तोंडानं सगळं बोललो — जुनं धरून बसू नको, चांगला माणूस आहे, लेकीला बाप मिळेल. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सर, एक माणूस गेला माझ्यापायी. दुसरा न्हाई घालवायचा मला."

आणि थोड्या वेळानं खुर्ची ओढून मशीनसमोर बसली. नवा प्रोग्रॅम उघडला. मी तिच्या मागे उभा होतो. तिनं तारीख टाकली. वेळ टाकली. क म्हणून टाइप केलं आणि यादीतून कळमनुरी निवडलं. मला वाटतं, त्या क्षणी तिला आशा होती. नाहीतर कशाला बघितलं असतं? इतक्या वर्षांनी, नव्या मशीनवर, नव्या प्रोग्रॅमवर — कदाचित वेगळं निघेल. आता सांगतो, मी तिथं हात पुढे करून म्हणू शकत होतो, थांब वनिता. एक कळ दाबायच्या आत म्हणू शकत होतो.

तिनं कळ दाबली.

पडद्याकडे बघत राहिली. मग प्रोग्रॅम बंद केला आणि म्हणाली, "नव्यातही तोच आहे, सर."

मी म्हणालो, "हं."

हे माझं सगळ्यांत मोठं खोटं. एवढंच अक्षर.

पवारांना नकार गेला. त्यांचं पुढे परभणीकडे लग्न झालं. नंतरही ते कधीमधी यायचे, तिच्या लेकीला गोळ्या द्यायचे. कोणी कोणाला दोष दिला नाही. गुरुजी तेवढे मिटले. त्या वर्षी ते फार लवकर म्हातारे झाले, आणि दोन पावसाळ्यांनंतर वारले. खांदा द्यायला मी होतो.

मग मोबाईल आले. पोरं दुकानात गाणी भरून घ्यायला यायला लागली, आणि मी म्हटलं, कुंडलीही मोबाईलवर का नको? सगळं नव्यानं लिहावं लागलं. छोटा पडदा, कमी जागा, प्रत्येक कंपनीच्या मोबाईलची वेगळी तऱ्हा. एकेक ओळ उचलून मी विचारत होतो, ही लागते का? लागत नसेल तर टाकून दे. कितीतरी सोडलं. त्या ओळीपाशी आलो. तिच्याकडेही आता मोबाईल होता. मी ती ओळ ठेवली.

आणि तपासायचं काम तिचंच होतं. ती माझ्यापेक्षा बारकाईनं तपासायची. पन्नास वेगवेगळ्या वेळा टाकून जुन्या प्रोग्रॅमशी ताडून बघायची. एका दुपारी मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, "सर, मी सगळ्यात आधी माझीच वेळ टाकून बघत असते. ती जुळली की समजायचं, बाकीचं बराबर असंन."

मी तो मोबाईल हातात घेतला. बघितल्यासारखं केलं. परत दिला.

स्वतःच्या डोक्यावरचा कलंक तिनं माझ्या प्रोग्रॅमचा खरेपणा मोजायला वापरला. पोरांपुढे भाषण करताना मी हेही सांगितलं होतं — तपासायला एक खात्रीचं उदाहरण जवळ ठेवा. कुठून शिकलो ते सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ती नांदेडला गेली. लेकीच्या शिक्षणासाठी. तिथं एका दवाखान्यात कम्प्युटरवर बसते. जाण्याआधी पेढे घेऊन दुकानात आली, पेढा दिला आणि पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. तोंडातून सुखी राहा असं निघालं. लेकीलाही तिनं पाया पडायला लावलं.

ती गेल्यावर मी ती ओळ काढली. आता कोणासाठी ठेवायची होती? काढायला क्षणभर लागला. प्रोग्रॅम होता तसाच चालू राहिला, कोणाला काही कळलं नाही. ज्यांनी आधीच मोबाईलमध्ये भरून नेलाय त्यांच्याकडे अजून ती असेल. तिच्या मोबाईलमध्येही असेल.

मध्यंतरी तिचा फोन आला होता. लेक आता मोठ्या वर्गात गेलीय, कम्प्युटरमध्ये पहिली आली, आतून कसं चालतं ते शिकायचं म्हणते. आवाजात आनंद होता. मग म्हणाली, "नवरा गेल्यावर कोन्ही दारात उभं करत न्हवतं, सर. तुमी खुर्ची दिली. ते मी लेकीला सांगत असते."

दुपार होती. दुकानात कोणी नव्हतं. रस्त्यावरही कोणी नव्हतं. ती पलीकडे होती, आणि मी बोलायला तोंड उघडलं होतं.

म्हणालो, "ठेवतो गं वनिता. गिऱ्हाईक आलंय."